मुलांच्या खेळातला गोळा घरीच मळावा

तीन-चार वर्षांची मुले क्ले, म्हणजे खेळायचा मऊ रंगीत गोळा, घेऊन खेळत असली की माझे लक्ष मुलांपेक्षा शेजारी बसलेल्या पालकांकडेच जास्त जाते. बाजारातून आणलेला सहा रंगांचा डबा उघडल्या क्षणापासून त्यांची पहारेदारी सुरू होते. पिवळ्यात निळा मिसळू नकोस, फरशीवर टाकू नकोस, केस लागतील, आधी याचे झाकण लाव, नाहीतर सुकून जाईल. पालकांचेही फारसे चुकत नाही, कारण पैसे मोजून आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी मातकट रंगाचा एकच गोळा होऊन बसावी असे कोणालाच वाटत नाही. पण त्या वयाच्या मुलाला नेमके तेच करून पाहायचे असते. म्हणून माझे आग्रहाचे मत असे आहे की हा गोळा घरीच, मुलाला सोबत घेऊन मळावा, आणि एकदा तो मुलाच्या हाती दिला की त्याचे काय होते याची काळजी सोडून द्यावी. बाजारातला माल वाईट असतो असे मी म्हणत नाही. घरचा गोळा इतका स्वस्त पडतो की त्यावर पहारा द्यावा लागत नाही, हा त्याचा खरा गुण आहे.

करायला तो सोपा आहे, पण शिजवायचा कंटाळा मात्र करू नये. एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि दोन लहान चमचे लिंबाचा रस कढईत एकत्र करून, गुठळ्या मोडून घेऊन मगच गॅस पेटवावा. आच मंद ठेवून सतत ढवळत राहिले की आधी पातळ असलेले मिश्रण लापशीसारखे होते, मग उलथन्याला चिकटू लागते, आणि काही मिनिटांत एकाएकी कढईची कड सोडून त्याचा गोळा होतो. तेवढ्यात उतरवावे, आणखी परतत राहिल्यास तो कोरडा पडून पुढे भेगाळतो. कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने चांगला मळून घ्यावा. मळण्याचे हे काम मुलांना द्यायलाच हवे, कारण चिकट पिठाचा हाताखाली गुळगुळीत गोळा होत जाणे हा त्यांच्या दृष्टीने खेळाचाच भाग असतो. शिजवल्यामुळे मैद्यातील पिष्ट फुगून पाणी धरून ठेवते, म्हणून हा गोळा कच्च्या कणकेसारखा तासाभरात सैल पडत नाही. मिठामुळे तो लवकर आंबत नाही किंवा त्याला बुरशी धरत नाही. परदेशी कृतींमध्ये जे क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पांढरी पूड) सांगितलेले असते, त्याचे काम आपल्याकडे लिंबू व्यवस्थित भागवते.

गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी मैदा चालणार नाही, कारण या वयात हात तोंडात जातातच. तिथे तांदळाची उकड काढावी. मोदकांसाठी आपण काढतो तशीच, फक्त मीठ भरपूर घालून. तिला मैद्याइतका ताण नसतो आणि ती लवकर चिरते, पण गरम असताना मोठ्यांनी नीट मळून दिली तर दिवसभराच्या खेळाला पुरते.

आज जगभर विकला जाणारा प्ले-डो नावाचा तयार क्ले हा मुळात खेळ नव्हताच. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातली एक कंपनी भिंतींच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसण्यासाठी पिठाचा असाच एक लगदा विकत असे. घरे गॅसवर तापू लागली, धुता येणारे कागद आले आणि त्या मालाची मागणी घटली. के झुफाल नावाच्या एका बालवाडी शिक्षिकेने तो मुलांच्या हाती देऊन पाहिला, आणि 1956 मध्ये तो खेळणे म्हणून बाजारात आला. आपल्याकडे पोळ्या लाटताना शेजारी लुडबुडणाऱ्या पोराच्या हातात कणकेची गोळी देऊन त्याला गप्प बसवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे.

माझी भाची हा गोळा मिळाला की प्रथम अंगठ्याने त्यात खोल खड्डा करते, तो बुजवते, पुन्हा करते. साचे तिला दाखवले तरी ती ते बाजूला सारते. चकलीचा सोऱ्या मात्र तिला मनापासून आवडतो. शेवेची चकती लावून दोन्ही हातांनी दांडा दाबताना तिचे ओठ आवळले जातात आणि खाली शेव पडू लागली की ती स्वतःच चकित होते. (सोऱ्या लगेच धुवावा, मिठाने धातू खराब होतो.) बोटांना आणि मनगटाला असे बळ येण्याआधीच हातात पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेण्याची आपल्याला फार घाई असते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. ताराबाई मोडकांनी तर बोर्डी-कोसबाडला महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू घेऊन बालशिक्षण उभे करून दाखवले होते. तरीही नर्सरीच्या गृहपाठाच्या वह्या काही कमी होत नाहीत.

रंगासाठी हळद, बिटाचा रस किंवा खाण्याचा रंग वापरावा. होळीचा रंग कधीही नको. हळदीचे डाग कपड्यांवर राहतात, हे आधीच मान्य करून टाकावे. गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि गोळा चिकट होतो, तेव्हा थोडा कोरडा मैदा घालून पुन्हा मळावा. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट तो सुकतो, आणि ओल्या हाताने मळल्यावर पुन्हा मऊ होतो.

एका गोष्टीत मात्र ढिलाई नको. अर्धी वाटी मीठ म्हणजे अंदाजे ऐंशी-नव्वद ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमीच मीठ खावे. एखादा कण जिभेला लागल्याने काही बिघडत नाही, खारट लागताच मूल बहुधा थुंकतेच. पण जे मूल अजून प्रत्येक वस्तू तोंडात घालते, त्याला बिनमिठाची ताजी कणीकच द्यावी आणि खेळ संपताच ती काढून घ्यावी.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. अन्नाशी खेळू नये, असे ज्यांनी टंचाईचे दिवस पाहिले त्यांनी म्हणावे यात नवल काय? माझ्यापुरते मी त्याचे उत्तर असे काढले आहे की गोळा एकदा मळला की तो महिनाभर पुरवायचा आणि त्यासाठी तळाशी राहिलेला जुना मैदा वापरायचा. ज्यांच्या मनाला तेवढेही पटत नाही त्यांनी शाडूची माती आणावी; खेळात काही उणे पडत नाही. गोळा जुना होऊन वास येऊ लागला की तो टाकताना मात्र नेहमीची सवय आवरावी लागते. उरलेली कणीक आपण गाईपुढे किंवा गल्लीतल्या कुत्र्यापुढे ठेवतो, तसा हा ठेवू नये, कारण एवढे मीठ पोटात गेल्यास कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. तो कुंडीतही पुरू नये, झाड जळते. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या बंद डब्यात टाकावा.