कारखाना काळजातून कसा चालवावा

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आपली फाउंड्री, म्हणजे धातूची ओतशाळा असेल, ती वडिलांनी उभी केलेली असेल आणि तिचे कर्जही त्यांनीच फेडून ठेवले असेल, तर सजग उद्योजक होण्याची निम्मी पात्रता आपल्या अंगी जन्मतःच आली आहे असे समजावे. उरलेली निम्मी पन्हाळ्यावरच्या एखाद्या रिसॉर्टात, तीन दिवसांच्या निवासी शिबिरात मिळते. तेथे डोळे मिटून, उजवा हात छातीवर ठेवून, ‘माझ्या धंद्याला काय हवे आहे?’ असे स्वतःलाच विचारायचे असते. धंद्याला पैसे हवे असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण ते उत्तर पहिल्याच दिवशी दिल्यास शिबिरचालक हिरमुसतात. म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत ‘प्रकाश’ असे सांगत राहावे.

गडावरून खाली उतरल्यावर प्रथम कार्यालयाकडे लक्ष द्यावे. अंबाबाईची तसबीर आणि आजोबांचा फेटा बांधलेला फोटो यांच्या मधोमध, काचेच्या फलकावर, आपल्या ‘कोअर व्हॅल्यूज’ लावाव्यात: करुणा, कृतज्ञता, पारदर्शकता. कोअर म्हणजे काय, हे फाउंड्रीवाल्याला निराळे सांगायला नको. कास्टिंगच्या, म्हणजे ओतून घडवलेल्या भागाच्या, पोटात जिथे पोकळी हवी असते तिथे साच्यात वाळूचा कोअर बसवतात. सुमारे १४०० अंशांचे वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्याच्या भोवतीने वाहते, निवते, आणि मग ठोकाठोक केली की कोअरची वाळू भुगा होऊन बाहेर पडते व पोकळी तेवढी जागच्या जागी राहते. मूल्यांना हा शब्द ज्याने लावला त्याने कधीतरी ओतशाळेत उमेदवारी केलेली असावी, असा माझा दाट संशय आहे.

आता प्रत्यक्ष निर्णयांकडे वळू, आणि त्यातही देण्यांकडे, कारण काळजाची खरी कसोटी तिथेच लागते. समजा, उद्यमनगरातला एक वर्कशॉपवाला आपल्या कास्टिंगचे मशिनिंग करून देतो. त्याच्याकडे दोन लेथ आहेत, एक ड्रिलिंग मशीन आहे आणि बिल घेऊन येण्यासाठी एक स्कूटर आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीचा २००६ चा कायदा सांगतो की, अशा माणसाशी लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याला चढणारे चक्रवाढ व्याज द्यावे. त्यावर आयकराच्या कायद्यानेही १ एप्रिल २०२४ पासून अशी तरतूद आणली की, मुदतीत न चुकवलेली ही रक्कम ती प्रत्यक्ष हातावर पडेपर्यंत खर्च म्हणून धरता येणार नाही. परंतु हे सगळे डोक्याचे विषय आहेत. आपण शिबिरात शिकलो आहोत की पैसा ही ऊर्जा आहे, आणि ऊर्जा तारखा पाळत नाही.

पासष्टाव्या दिवशी तो वर्कशॉपवाला दारात उभा राहील आणि म्हणेल, “मालक, दोन म्हैनं हून गेलं की वो. पोरांचा पगार थांबलाय.” अशा वेळी आपले वडील ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे म्हणत असत; ते टाळावे, कारण त्यात एक आठवडा नावाची मुदत दडलेली असते आणि समोरचा ती लक्षात ठेवतो. त्याऐवजी त्याच्या डोळ्यांत पाहून शांतपणे विचारावे, “या बिलाविषयी तुमच्या मनात नेमकी कोणती भीती आहे?” तो “बँकेच्या हप्त्याची” असे म्हणेल. भीतीला नाव देता आले की अर्धे ओझे उतरते, असे सांगून त्याला फाटकापर्यंत पोचवावे आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायला विसरू नये. या हाताला खर्च येत नाही, जीएसटीही लागत नाही.

हीच रीत वरच्या दिशेने मात्र लावू नये. पुण्याच्या गाडी कंपनीने आपले बिल पन्नासाव्या दिवसापर्यंत लटकवले, तर काळीज तात्पुरते बाजूला ठेवून वकिलांना फोन करावा आणि थकीत देण्यांच्या तक्रारींसाठी सरकारने जे संकेतस्थळ काढले आहे, तिथे अर्ज भरावा. त्या संकेतस्थळाचे नाव ‘समाधान’ आहे. पन्हाळ्यावर तीन दिवस ज्याचा शोध चालला होता, ते इथे बसल्या जागी, नोंदणी क्रमांक घालून शोधता येते.

कामगारांना यापुढे कामगार म्हणू नये, परिवार म्हणावे. या शब्दाचा व्यवहारात फार उपयोग होतो, कारण कामगार ओव्हरटाइमचा दुप्पट दर मागू शकतो; घरचा माणूस घरच्या कामाचे पैसे कोणत्या तोंडाने मागणार? परिवारातून माणसाला कमी करावे लागले तर त्याला ‘मुक्त केले’ असे म्हणावे. मुक्तीची वेळ साधण्यासाठी मात्र थोडे गणित यायला हवे. सलग पाच वर्षे भरली की वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराएवढी ग्रॅच्युइटी द्यावी लागते. तेव्हा साचे भरणाऱ्या या मोल्डरचा आत्मा आपल्या भट्टीजवळ गुदमरतो आहे, हे आपल्या काळजाला साडेचार वर्षांच्या सुमारासच जाणवू लागावे.

करुणेचे प्रसंग निवडून घ्यावेत. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी चिखली-आंबेवाडीच्या घरांत शिरले आणि शिरोलीजवळ महामार्गावर चढून वाहतूक कित्येक दिवस बंद पडली, तेव्हा ज्यांनी ब्लँकेटे आणि बिस्किटे वाटली त्यांचे फोटो अजून कार्यालयांत टांगलेले आहेत. असा फोटो आपल्याकडेही हवा. बिस्किटांचा पुडा घ्यायला हात पुढे केलेल्या माणसांत आपलाच एखादा मोल्डर असेल, आणि हजेरीपटावर त्या दिवशी त्याच्या नावापुढे ‘गैरहजर, बिनपगारी’ असे लिहिलेले असेल, तर त्यात कोणी विसंगती काढू नये. ब्लँकेटे हा काळजाचा विभाग आहे आणि हजेरीपट हा टाइम ऑफिसचा.

भाषणाची वेळ आली तर कोल्हापुरात शाहू महाराजांचे नाव घ्यावेच लागते, पण तिथे जरा जपून. महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला बळ दिले आणि अस्पृश्याच्या हातचा चहा कोणी पिईना तेव्हा स्वतः तिथे जाऊन तो घेतला, सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावला. गोष्ट उत्तम आहे, टाळ्याही पडतात. अडचण एवढीच की, त्या व्यवहारात नफा कांबळ्यांचा होता आणि चारचौघांची नाराजी मात्र महाराजांच्या वाट्याला आली. आपल्या पद्धतीत काळजाचा निर्णय घेणाऱ्याला महाग पडत नसतो. म्हणून चहाच्या कपापर्यंत यावे आणि तिथून सरळ आभारप्रदर्शनाकडे वळावे.

हे सारे मी इतक्या अधिकाराने सांगतो आहे, कारण स्कूटरवरून येणारा तो वर्कशॉपवाला मीच आहे. मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो होतो. पूर्वी तिथे कपात साधा चहा यायचा आणि तोही गार. या वेळी गवती चहा आला, आणि कपावर ‘कृतज्ञता’ असे छापलेले होते. भिंतीवरचे आजोबा काचेच्या फलकाशेजारून माझ्याकडे बघत होते. हा म्हातारा बिल हातात घेताना चार शिव्या हासडायचा, पण लक्ष्मीपूजनाच्या आत वहीतले प्रत्येक नाव खोडलेले असायचे, असे माझे वडील सांगत.

टेबलापलीकडचा पोरगा हळू आवाजात म्हणाला, “काका, मालकांचं आज मौन हाय. बोलत न्हाईत.”

मी म्हणालो, “बोलायचं काय कारणच न्हाई. नुसती चेकवर सही केली तरी चालतंय.”

तो आत जाऊन आला, तोवर माझा अर्धा कप संपला होता.

“सही बी बोलण्यातच धरत्यात म्हणं,” तो म्हणाला. “आणि थोडा चहा घेणार?”

बिलाचा तो त्र्याहत्तरावा दिवस होता. मी कप पुढे केला.