एन्टेरोकॉकसची घरगुती लागवड

गच्चीवर मेथी-कोथिंबीर कुणीही लावतं. यंदा जरा चिवट पीक घेऊन पाहा. एन्टेरोकॉकस या जिवाणूला खत लागत नाही आणि फवारणीचं भय नाही. उलट फवारणीवरच तो पोसतो. बियाणं विकत आणायचीही गरज नाही. फीकॅलिस आणि फीशियम या त्याच्या दोन मुख्य जाती आपल्या आतड्यात अंग चोरून राहतच असतात. बाकीचे जिवाणू त्यांना हातपाय पसरू देत नाहीत, एवढीच काय ती अडचण. तेव्हा आधी रान मोकळं करू.

त्यासाठी सर्दीसारखा मुहूर्त नाही. सर्दी विषाणूमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचं काही काम नाही, हे ठाऊक असलं तरी मनावर घेऊ नका. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन 'सेफिक्झिम 200च्या चार द्या' म्हणा. पाकिटावर लाल रेघ असते, तिच्याकडे बघू नका. हे औषध 2014 पासून शेड्यूल एच-1मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहे. विक्रीची वेगळी वही ठेवायची, तीत डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहायचं आणि ती तीन वर्षं जपायची, असा नियम. पण तुमच्याकडे चिठ्ठीच नाही, मग वहीत डॉक्टर कुठला लिहिणार? वही कोरी राहते आणि तुमचं काम होतं.

आता सेफिक्झिमच का? तर पेशीभित्तिका विणणारी प्रथिनं पकडून जिवाणू मारायचा, हा सेफ घराण्याचा धंदा. एन्टेरोकॉकसचं विणकाम ज्या प्रथिनावर चालतं, त्याला ही औषधं नीट चिकटतच नाहीत. म्हणजे गोळी आजूबाजूचं सगळं उपटते आणि तुमचं पीक तेवढं उभं ठेवते. इतकं इमानी तणनाशक शेतकऱ्यालासुद्धा मिळत नाही. वर एक बोनस आहे. आतड्याचं अस्तर ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंची चाहूल लागली की स्वतःचं जंतुनाशक प्रथिन पाझरतं. ते जिवाणू औषधाने मारले की हे प्रथिनही आटतं, असं उंदरांमध्ये दिसलं आहे. राखणदाराला आपणच रजा दिली म्हणायची. पोट बिघडलं की मनानेच मेट्रोनिडॅझोल सुरू करा; उरलेसुरले विनाऑक्सिजन जगणारे शेजारीही जातील.

सुधारित वाण हवं असेल तर व्हँकोमायसिन या गंभीर संसर्गावरच्या अँटिबायोटिकला न जुमानणारं घ्या. भित्तिकेच्या विटांच्या टोकाशी दोन अलानिन (एक अमिनो आम्ल) असतात, व्हँकोमायसिन त्यांनाच चिमटीत धरतं. हे वाण शेवटचं अलानिन काढून तिथे लॅक्टेट बसवतं आणि चिमटीची पकड सुमारे हजारपटीने ढिली होते. एका रेणूचा फरक, बस्स. युरोपात कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात व्हँकोमायसिनचं सख्खं भावंड, एव्होपार्सिन, वाढीसाठी घालत. त्यातून असे एन्टेरोकॉकस खुराड्यांत फोफावल्यावर डेन्मार्कने 1995मध्ये आणि युरोपीय संघाने 1997मध्ये ते बंद केलं. घाबरट लोक! तुम्ही कच्चं चिकन कापलेल्या पाटावरच कोशिंबिरीची काकडी चिरा. चिकन शिजेल, काकडी थोडीच शिजणार आहे.

मशागतीची फार काळजी नको. 6.5 टक्के मिठात तो वाढतो, 10 ते 45 अंशांत वाढतो, 60 अंशांत अर्धा तास तग धरतो. कोरड्या कठड्यावर, दवाखान्यातल्या बेडच्या रेलिंगवर तर आठवडेच्या आठवडे जिवंत. म्हणून रेलिंग पुसणाऱ्या मावशींना घाई करायला सांगा आणि सॅनिटायझर हातावर सुकायच्या आत पुढच्या पेशंटला हात लावा.

आजोबांना लघवीची नळी घातली असेल तर सोन्याहून पिवळं. गरज संपली तरी 'असू दे' म्हणून नळी तशीच ठेवा. पिशवी मूत्राशयाच्या खाली लोंबत ठेवायची असते. तुम्ही ती पलंगावर, उशीशेजारी ठेवा, म्हणजे लघवी उलटी चढेल. मग ताप नाही, जळजळ नाही, काहीच त्रास नाही, तरी उगाच लघवीचं कल्चर, म्हणजे जिवाणू उगवून बघायची तपासणी, पाठवा. नळी जुनी असली की काही ना काही उगवतंच. उगवलं की औषध चालू.

लॅब मात्र पारखून निवडा. चांगली लॅब एन्टेरोकॉकसच्या रिपोर्टात सेफ घराण्यातल्याच सेफ्ट्रियाक्सोनची ओळच छापत नाही, कारण डिशमध्ये औषध चालल्यासारखं दिसलं तरी पेशंटमध्ये एकट्याने चालत नाही. तुम्हाला हवी ती भोळी लॅब, जी त्या ओळीसमोर ठळक 'एस', म्हणजे 'औषध लागू पडतं', छापते. डॉक्टर खूश, नातेवाईक खूश, सलाईनमधून दिवसाला दोन ग्रॅम सुरू.

चौथ्या दिवशी आजोबांना खरोखरच थंडी वाजून ताप भरेल. तोवर रान अगदी स्वच्छ झालेलं असेल.