मेथीच्या पाण्यावर गोळ्या सोडू नका

नाशिकच्या सिडको-इंदिरानगरमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘रात्री चमचाभर मेथीदाणे भिजत घाला, गुण पाण्यात उतरतो; सकाळी उपाशीपोटी ते पाणी प्या. मेथीतल्या पॉलिसॅकराइडने आठ दिवसांत शुगर नॉर्मल. प्रयोगशाळेत सिद्ध. साइड इफेक्ट शून्य. गोळ्या बंद!’ यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे.

‘गुण पाण्यात उतरतो.’ पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. मेथीतलं हे पॉलिसॅकराइड म्हणजे गॅलॅक्टोमॅनन, दाण्याच्या आतला डिंक. वजनाच्या साधारण पाव हिस्सा. तो वेगळा काढायला प्रयोगशाळेत दाणे दळतात, तेलकट अंश काढतात, पूड बराच वेळ पाण्यात ढवळतात, चोथा गाळतात आणि त्या पाण्यात दुप्पट-तिप्पट अल्कोहोल ओततात. तेव्हा कुठे पांढरट तंतूंचा गोळा वेगळा होतो. मग त्यातली प्रथिनं काढून तो वाळवायचा. अख्ख्या दाण्यातून एका रात्रीत एवढं कुठलं सुटायला? पाणी जरासं बुळबुळीत होतं, इतकंच. चमच्यात दाणे जेमतेम ४ ग्रॅम. सगळा डिंक निघाला तरी १ ग्रॅमच्या आसपास. आणि बरेच जण पाणी पिऊन दाणे टाकून देतात! बहुतेक डिंक त्या दाण्यांतच राहिलेला असतो.

‘उपाशीपोटी घ्या.’ हा डिंक पोटात अन्नाबरोबर मिसळून घट्ट होतो, म्हणून साखर रक्तात सावकाश शिरते. सहाला पाणी प्यायलात आणि नऊला मिसळ-पाव खाल्लात, तर तो अडवणार काय?

‘प्रयोगशाळेत सिद्ध.’ परीक्षानळीत पिष्ट पचवणारं एखादं एन्झाइम मंदावणं किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन हे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारणारं रसायन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांची साखर उतरणं ही सुरुवात असते. माणसांवरही प्रयोग झालेत आणि ते मोलाचे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० सालच्या अभ्यासात टाइप-१ मधुमेहाच्या (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) रुग्णांच्या लघवीतून २४ तासांत जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. पण मात्रा बघा : तेल काढलेली मेथीपूड, दिवसाला १०० ग्रॅम, दोन जेवणांत विभागून, १० दिवस. म्हणजे चमच्याच्या पंचवीसपट, तीही जेवणातून.

‘साइड इफेक्ट शून्य.’ जास्त मेथीने पोट फुगतं, जुलाब होतात. शेंगदाणा-हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना मेथीही बाधू शकते. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर औषध म्हणून मेथी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

‘गोळ्या बंद.’ संताप येतो तो इथे. टाइप-१च्या माणसाने इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. टाइप-२मध्ये (इन्सुलिन असतं, पण पुरत नाही किंवा नीट काम करत नाही) चढलेली साखर बऱ्याचदा जाणवतही नाही, आणि तोवर डोळ्यांचा पडदा, किडनी खराब होत राहतात.

मेथी खुशाल खा. पूड करून भाजीत, आमटीत, कणकेत घाला. थंडीतल्या मेथीच्या लाडवांत मात्र गूळ-साखर असते हे ध्यानात ठेवा. गोळीबरोबर रोज भरपूर मेथी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. डोस कमी करायचा का, हे त्यांनी एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट बघून ठरवायचं.