झोपलेल्या आजारी पोराला उठवू नका!

रात्रभर तापाने फणफणलं होतं पोर. खाली ठेवलं की रडायचं, म्हणून मांडीवर घेऊन बसले होते. दुपारी कुठे अंग निवलं आणि त्याचा डोळा लागला. तेवढ्यात एक नातेवाईक बाई आल्या त्या थेट आतल्या खोलीत. कपाळावर हात ठेवला, वर गदागदा हलवून विचारतात, "काय रे सोन्या, बरं वाटतंय का आता?" अहो, बरं वाटत होतं म्हणूनच झोपलं होतं ना! दचकून उठलं, भोकाड पसरलं, रडून रडून उलटी केली. चमच्याचमच्याने पोटात घातलेलं सगळं पाणी बाहेर. आणि जाताना मलाच ऐकवून गेल्या, "किती सुकलाय गं, जरा लक्ष दे त्याच्याकडे!"

लक्ष दे? मी दुसरं करतेय काय?

बरं, सल्ले तर विचारूच नका. "अजून एक डोस दे." पॅरासिटॅमॉल देऊन दोन तासही झाले नव्हते! दोन डोसांत निदान चार तास जावे लागतात, २४ तासांत चारच्या वर द्यायचं नाही, आणि एका वेळी किती द्यायचं ते मुलाच्या वजनावर ठरतं. एक म्हणणार दोन पांघरुणं घाल, घाम येऊ दे. दुसरा म्हणणार बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव. अरे, पोर कुडकुडायला लागलं की ताप आणखी चढतो! आणि "अँटिबायोटिक का नाही देत?" कारण डॉक्टरांनी व्हायरल सांगितलंय आणि व्हायरसवर ते चालत नाही!

त्यात ती औषधाची झाकणं! पारदर्शक प्लास्टिक, त्यावर पारदर्शकच रेघा. ५ मिली कुठे, २.५ कुठे, मध्यरात्री एका हातात रडणारं पोर घेऊन शोधा. शिवाय त्याच औषधाची एक बाटली ५ मिलीत १२० मिलिग्रॅमची, दुसरी २५० ची. हा आकडा एवढ्या बारीक अक्षरात का छापतात? चुकलं तर दुप्पट डोस जाईल पोटात!

आणि सुट्टी मागितली की साहेबांचा ठरलेला प्रश्न, "घरी दुसरं कोणी नाही का?" आहेत ना! पण तापातल्या पोराला दुसरं कोणी चालत नाही. त्याला पाणीसुद्धा माझ्याच हातून लागतं.

काळजी वाटते ना? मग भांडी घासून द्या, मला तासभर पडू द्या. ते जमत नसेल तर फोनवर विचारा. पोर झोपलेलं असताना खोलीत पाऊल टाकायचं नाही, कोणीही!