हुकमी आराम

यॉटवर चढताना चपला काढून टोपलीत टाकाव्या लागतात, ही या प्रकारातली मला मनापासून पटलेली एकमेव गोष्ट. पुढचा सगळा दिवस "दाजी, रिलॅक्स व्हा" या तंबीखाली गेला.

तंबी देणारा माझा मेव्हणा. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने फुकेतहून फांग न्गाच्या आखातात जायला अख्खी कॅटमरान ठरवली होती. दोन अरुंद होड्यांवर एक माजघर बांधावं, तशी ही बोट. "दाजी, ही कलत नाही," असं त्याने सांगितलं होतं. खरंच कलत नाही. ती आदळते.

वारा ईशान्येचा, म्हणजे नेमका समोरून. शिडाने जायचं तर नागमोडी जावं लागतं आणि जेवायला उशीर होतो. म्हणून कप्तानाने फोटोपुरतं शीड उभारलं, सगळ्यांचे हात पसरून फोटो झाले आणि मग निमूटपणे इंजिन सुरू झालं.

थोड्याच वेळात माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मेव्हणीला वाटलं, कोळंबी बघून. बायकोने मात्र ओळखलं आणि आलेपाकाची वडी पुढे केली. "क्षितिजाकडे बघा हो." बघतो ना! पण या आखातात जिकडे बघावं तिकडे समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे कडे. क्षितिज शोधता शोधता मान दुखायला लागली.

को पनाक बेटापाशी कयाकमध्ये उतरवलं. तिथल्या गुहेतून पलीकडे जाता येतं, पण पाण्याची पातळी अगदी मोजकी असेल तेव्हाच. वल्हवणारा थाई पोरगा म्हणाला, आडवे व्हा. झालो. आणखी. आणखी म्हणजे कुठे? पाठ तळाला टेकली होती. वर नाकापासून वीतभर अंतरावर छत, त्याला कालवांच्या धारदार शिंपल्या चिकटलेल्या, आणि माझ्या देहाचा सर्वोच्च बिंदू नाक नव्हे. "अहो, पोट आत घ्या!" मागून अंधारात बायको ओरडली. घेतलं. "श्वास सोडू नका!" एवढा काटेकोर आराम मी आयुष्यात केला नव्हता.

पलीकडे चहूबाजूंनी उभे कडे, वर आभाळाचा तुकडा, खाली खारफुटी. सुंदर होतं, नाकारत नाही. पण पाणी चढायच्या आत परत निघायचं होतं. म्हणजे पुन्हा आडवं.

मग जेम्स बाँडचं बेट. 1974 सालच्या सिनेमात दिसलेला तो वीसेक मीटरचा सुळका, को तापू, वर जाड आणि पायथ्याशी बारीक. 1998 पासून त्याच्याजवळ बोटी नेऊ देत नाहीत, म्हणून समोरच्या किनाऱ्यावर उभं राहून बघायचं. तेवढ्यात मागून अस्सल मराठीत आवाज आला, "ओ काका, सरका की जरा, फ्रेममध्ये येताय." सरकलो.

परतताना वारा मागून आला. कप्तानाने खरंखुरं शीड लावलं, इंजिन बंद केलं, आदळआपट थांबली. पोट ठिकाणावर आलं आणि मला सपाटून भूक लागली. कोळंबी केव्हाच संपली होती. कलिंगडाच्या दोन कोमट फोडी उरल्या होत्या. त्यातली एक मेव्हण्याने उचलली.