साल तुमच्याच सिमेंटखाली आहे

"साल सांगा ताई, मग दफनाचं रजिस्टर काढू," कब्रस्तान कमिटीचे सेक्रेटरी म्हणतात.

कुठून सांगू साल? साल दगडावर कोरलेलं होतं, इतकी वर्षं नागपूरचं ऊन-पाणी खाऊन टिकलं होतं, आणि त्याच्यावर तुम्हीच सिमेंट थापलं!

परवापासून डोकं तापलं आहे माझं. घरात कोणाशी धड बोलत नाही आहे. लिहून टाकल्याशिवाय झोप येणार नाही, म्हणून लिहून राहिले.

पणजोबांची कबर शोधते आहे मी, हे आमच्या सदर भागातल्या सगळ्यांना एव्हाना पाठ झालं असेल. आजीचे वडील ते. आजीकडून मिळालं ते एवढंच: दुष्काळात पोरका झालेला पोरगा, मिशनच्या अनाथालयात वाढला, पुढे शाळेत मास्तर झाला, आजी लहान असतानाच तापात गेला, आणि त्याच्या दगडावर 'मी सुयुद्ध केले आहे' हे बायबलचं वचन आहे. बस. मूळ गाव नाही, आईबापाचं नाव नाही. दुष्काळ तरी कोणता? मध्य प्रांतात १८९६-९७ चा एक झाला, त्यातून लोक उठतात न उठतात तोच १८९९-१९०० चा दुसरा. दोन्ही वेळा अनाथालयं भरून वाहिली. म्हणजे हा माणूस कुठून आला हे सांगणारी जागा जगात एकच, बाप्तिस्म्याची नोंद. आणि कधी गेला हे सांगणाऱ्या दोन: दफनाचं रजिस्टर आणि तो दगड.

तर परवा. कब्रस्तानाच्या फाटकातून आत गेलं की डावीकडे नवा ओटा बांधला आहे. नळ, टाकी, खाली फरशी, मागे बाथरूममध्ये लावतात तसल्या निळ्या टाइल्स. सौंदर्यीकरण! या नावाखाली नागपुरात जे जे झालं त्याची मला चीड आहे, पण कब्रस्तान सुटेल असं वाटलं होतं. लोक तिथे बादल्या भरतात, फुलांचे देठ टाकतात, चिखलाचे पाय धुतात. मीही हात धुवायला वाकले. पायाखाली एक काळा दगड, हातभर रुंद, एका बाजूने फुटलेला, सिमेंटात सुलटा बसवलेला. खाचांमध्ये शेवाळ. आणि त्या शेवाळातून 'सुयु' एवढी अक्षरं.

मी तिथेच बसले. ओल्यात. मोबाइलचा टॉर्च लावून अगदी जमिनीलगत तिरपा धरला, कारण झिजलेली अक्षरं समोरून उजेड पाडला तर दिसत नाहीत, बाजूने पाडला की खाचेत सावली पडते आणि वाचता येतात. नावाची शेवटची दोन अक्षरं दिसली. त्याच्यापुढे 'मास्तर'. खाली 'आक्टोबर'. मग एक, मग नऊ, मग अंगठ्याएवढा सिमेंटाचा गोळा, मग आठ.

एक, नऊ, गोळा, आठ.

आजीचा जन्म १९१४ चा, लग्न १९३४ चं, आणि लग्नात बाप नव्हता हे ती नेहमी सांगायची. म्हणजे १९०८ नाही, १९३८ नाही. राहिली दोनच सालं, १९१८ किंवा १९२८. आणि १९१८ चा ऑक्टोबर म्हणजे काय हे ज्यांनी घरात ऐकलं आहे त्यांना सांगायला नको. इन्फ्लुएंझाची साथ तेव्हा ऐन भरात होती आणि मध्य प्रांत सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक होता. 'तापात गेला' या आजीच्या दोन शब्दांचा अर्थ त्या गोळ्याखाली आहे. नखाने खरवडून पाहिला. निघत नाही. सिमेंट मात्र चांगलं वापरलं आहे मेल्यांनी.

राखणदार धावत आला. "मॅडम, काय करून राहिले तुमी? थो ओटा नवा हाय."

म्हटलं, भाऊ, हा दगड कुठून आणला?

"थो तिकडं आडवा पडून होता ना. ठेकेदारानं उचलला. चांगला सपाट होता म्हने."

चांगला सपाट होता! माणसाच्या उशाशी लावलेला दगड, त्यावर त्याचं नाव, आणि तुम्हाला त्यात काय दिसलं तर सपाटी. त्या राखणदारावर माझा राग नाही. त्याला पगार किती मिळतो आणि किती महिने उशिरा मिळतो हे मला माहीत आहे, आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत तो एकटाच त्या झाडांना पाणी घालत असतो. राग आहे तो कमिटीवर. ठेकेदार दगड उचलताना तुम्ही कुठे होतात? एकानेही वाकून वाचलं नाही?

तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला. त्यांचं पहिलं वाक्य, "ताई, तो दगड तुमच्याच माणसाचा आहे याला पुरावा काय?"

म्हटलं, दफनाची नोंद दाखवा, तोच पुरावा.

"नोंद काढायला साल लागते."

साल सिमेंटखाली आहे. तेवढं छिन्नीने खरवडू द्या, मी स्वतः गवंडी घेऊन येते, पैसे मी देते.

"ओट्याला हात लावायचा तर कमिटीची मंजुरी लागेल. तुम्ही आधी पुरावा आणा, मग विषय मीटिंगला ठेवू."

हे सगळं ते इतक्या शांतपणे बोलले की मलाच क्षणभर वाटलं, आपणच काही वावगं मागून राहिलो का? नाही! दोन सालं. दोन्ही सालांतले ऑक्टोबर-नोव्हेंबर. मोजून थोडीशी पानं. माझ्या हातात देऊ नका, तुम्ही उलटा, मी समोर उभी राहते. तेही नाही. रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते जबलपूरला मुलीकडे. ते कधी येतील? "येतीन ना."

आणि ते रजिस्टर मी एकदा पाहिलं आहे. फाटलेल्या पानांवर सेलोटेप लावली आहे. सेलोटेप! ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकट गोंद कागदात मुरतो, आणि शेवटी शाईसकट पान घेऊन निघते. एके ठिकाणी कोणीतरी निळ्या बॉलपेनने जुनं नाव गिरवलं होतं, आणि चुकीचं गिरवलं होतं. तेव्हा मी हात जोडून म्हटलं होतं, मला फक्त फोटो काढू द्या, सगळ्या पानांचे, तुम्हालाच पेन ड्राइव्हवर भरून देते. "परवानगी नाही." वाळवीला आहे परवानगी. मला नाही.

मला सगळ्यात जास्त काय डाचतं सांगू? कामठीची छावणी १८२१ ची. तिथे कॉलऱ्याने, तापाने मेलेल्या गोऱ्या शिपायांच्या दफनाच्या नोंदींच्या नकला मद्रासमार्गे लंडनला जायच्या. त्या आज तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, इंग्लंडातला कोणी पणतू घरी बसून शोधू शकतो. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप साहेब १८६३ साली टाकळघाटाहून परतताना पुरात बुडाले, त्याची तारीखवार हकिगत मिळते. मिळायलाच पाहिजे, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्यामागून आलेले आमचे मास्तर, घरोघरी बायबल सांगणाऱ्या बायबल-बाया, दवाखान्यातल्या आया, स्वयंपाकी, ज्यांच्या जिवावर ती मिशनं चालली, त्यांच्या नकला फारशा कुठे गेल्या नाहीत. त्यांचं एकच रजिस्टर, एकच दगड. ते सांभाळायचं काम गोऱ्यांचं नव्हतं, आपलं होतं. आपण त्यावर नळ बसवला.

आता निघालंच आहे तर सरकारी रेकॉर्ड रूमचंही ऐका. कोणत्यातरी गावात पणजोबांच्या बापाची नोंद असेल म्हणून कोतवाल बुकाच्या मागे लागले होते. आपल्याकडे गावातले जन्म-मृत्यू कोतवाल लिहून ठेवायचा. त्यात पोराचं नावसुद्धा बहुतेक वेळा नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. तेवढ्यावरही माझं भागलं असतं. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "जात पडताळणीचं काम हाय का?" नाही म्हटलं. "मंग कायले पाहिजे?" माझे पणजोबा आहेत म्हणून पाहिजे! अर्जावर 'प्रयोजन' असा रकाना असतो, त्यात 'वैयक्तिक' लिहिलं तर अर्ज परत. त्या रांगेत उभ्या असलेल्यांवर माझा राग नाही. जातीच्या दाखल्यासाठी कोणाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे, कोणाला १० ऑगस्ट १९५० च्या, आणि इकडे पोरीची ॲडमिशन अडकलेली असते. आज्याच्या नावाचा एक कागद मिळावा म्हणून ते बिचारे दलालाला पैसे मोजतात. पण आपल्या माणसाचं नाव नुसतं माहीत असावं म्हणून कोणी येऊ शकतं, हे त्या खिडकीमागे कोणाच्या डोक्यातच शिरत नाही.

आणि त्या बाबूचं ते 'रेकॉर्ड भोपाळला गेलं असेल'! नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, मग भोपाळ झालं, कबूल. पण एका खेड्याच्या कोतवालाची वही भोपाळला कायले जाईल? यादी पाहिली का? नाही. उठून कपाट उघडलं का? नाही. खुर्चीत बसल्या बसल्या भोपाळ.

माझी हिंदू मैत्रीण त्र्यंबकेश्वरला गेली होती. तीर्थोपाध्यायांनी आडनाव, गाव विचारलं, वही काढली, आणि तिच्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने केलेली मोडीतली सही तिच्यासमोर ठेवली. तिथल्या तिथे. ती रडली, आणि तिने सांगितलं तेव्हा मीही रडले. त्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या वह्या सांभाळल्या. लाल कापडात गुंडाळून, वाळवीपासून, पाण्यापासून. आम्हाला शंभर वर्षांचं एक रजिस्टर सांभाळता येत नाही?

घरचे तरी कुठे बरे आहेत. आजीने माहेरचं बायबल जपून आणलं होतं. पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, सगळं शाईने लिहिलेलं. आजी गेली आणि थोरल्या काकांनी ते रद्दीत दिलं. किलोने! "वाळवी लागली होती" म्हणे. एक पान फाडून ठेवता आलं नाही? काका वारले, देव त्यांना शांती देवो, पण या गोष्टीची माफी माझ्याकडून त्यांना अजून मिळालेली नाही.

चुलतभावाने मागे घराण्याचा वंशवृक्ष काढला, फ्लेक्सवर छापून स्नेहसंमेलनात लावला. त्यात एकाही लेकीचं नाव नाही. सुनांच्या जागी नुसतं 'पत्नी'. माझी आजी, जिने सात लेकरं वाढवली, तिसऱ्या ओळीत 'पत्नी'. मी विचारलं, हिचा बाप कुठे आहे? तर म्हणाला, "तो बाईकडचा झाला ना, त्याला कुठं दाखवू?" आणि आता मी धडपडते आहे तर ग्रुपवर लिहितो, "ताई, मेलेल्यांचं काय काढून बसलीस, जिवंतांकडे बघ." मी जिवंतांकडे पाहते, बाबा. तुझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात रात्री कोण होतं ते आठव.

मीटिंगला मी जाणार आहे. बोलावलं नाही तरी. दगडाचे फोटो छापून नेणार आहे आणि माझ्या मागण्या लेखी देणार आहे. तो दगड ओट्यातून अख्खा काढा, ग्राइंडर न लावता, छिन्नीने, कडेने. खर्च माझा. रजिस्टरं येत्या पावसाळ्याच्या आत स्कॅन करा, मला हात लावू द्यायचा नसेल तर तुमच्या माणसाकडून करा, पण करा. आणि पुन्हा कोणताही जुना दगड हलवायच्या आधी फाटकावर सूचना लावा आणि रविवारी उपासनेत वाचून दाखवा.

तुमच्या घरचं कोणी तिथे असेल तर २ नोव्हेंबरची, मृतांच्या स्मरणदिनाची, वाट पाहू नका, आत्ताच जा. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. दगड नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. ॲसिड नको, आणि कृपा करून तो चांदीचा ऑइलपेंट नको, त्याने अक्षरं बुजतात. तुमच्या माणसाची जागा रिकामी दिसली तर ओट्यापाशी या. कारण तिथे एकच दगड नाही. नळाच्या डाव्या बाजूला आणखी काही बसवले आहेत, उपडे, आणि एकाच्या कडेला कोरलेल्या वेलबुट्टीची ओळ सिमेंटच्या वर आलेली स्पष्ट दिसते. माझ्याकडे पुरावा मागण्याआधी ते कोणाकोणाच्या उशाचे आहेत हे कमिटीने लिहून द्यावं.