‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर : १०६ वी डिव्हिजन आणि ती शरणागती

‘स्पष्टवक्ता’ साहेब,

दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४४ मध्ये, अमेरिकेच्या १०६ व्या इन्फन्ट्री (पायदळ) डिव्हिजनच्या दोन रेजिमेंटा जर्मनांना शरण गेल्या, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. मतभेद असावेत, त्याशिवाय लिहिण्यात मजा नाही. पण एकाच प्रतिक्रियेत मला ‘घरबसल्या लष्करतज्ज्ञ’ म्हणायचं, माझी लायकी काढायची आणि शेवटी ‘राग नसावा’ असं लिहायचं, ही कुठली रीत? राग आहे. तो लपवत नाही.

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगतो. लेखाला नकाशा हवा होता. श्नी आयफेलचा डोंगर कुठे, शोनबर्ग आणि सेंट वीथ ही गावं कुठे, हे नकाशाशिवाय डोळ्यापुढे येत नाही. मान्य.

आता तुमचं ते वाक्य : ‘हातात रायफली असताना हात वर करणाऱ्या भेकडांना तुम्ही हुतात्मे करून ठेवलंत.’ हुतात्मे हा शब्द माझ्या लेखात कुठेही नाही. तो तुमचा. पण भेकड हा शब्दही तुमचाच आहे, आणि तो मी सोडणार नाही.

ही भेकड पोरं होती कोण? डिव्हिजन उभी राहिली मार्च १९४३ मध्ये, साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट जॅक्सनला. वर्षभर घासूनपुसून तयार केली, आणि १९४४ मध्ये तिच्यातले अर्ध्याहून जास्त शिकलेले शिपाई दुसऱ्या पलटणींची भरती भागवायला काढून नेले. त्यांच्या जागी आली कॉलेजच्या प्रशिक्षण योजनेतून उचललेली पोरं, विमानदलात जाऊ पाहणारे, कारकून. ही डिव्हिजन ११ डिसेंबर १९४४ ला बेल्जियम-जर्मनी सीमेवरच्या आर्देनच्या जंगली, डोंगराळ आघाडीवर आली. ‘शांत भाग आहे, इथे शिकतील’ असा वरच्यांचा हिशेब. वाट्याला आली तीस किलोमीटरहून लांब आघाडी, आणि त्यातल्या दोन रेजिमेंटा, ४२२ आणि ४२३, शत्रूच्या दिशेने पुढे घुसलेल्या श्नी आयफेलच्या डोंगरावर. पाचच दिवसांनी, १६ डिसेंबरला पहाटे, जर्मनांचा हल्ला सुरू झाला. त्यांच्या १८ व्या फोक्सग्रेनाडियर (पायदळ) डिव्हिजनने डोंगरावर समोरून धडका मारल्याच नाहीत. ती उत्तरेकडून लोसहाइमच्या खिंडारातून आणि दक्षिणेकडून ब्लायआल्फवरून आली, आणि १७ तारखेच्या सकाळी दोन्ही फळ्या शोनबर्गला एकमेकींना मिळाल्या. डोंगरावरच्या पोरांनी धड लढाई पाहायच्या आत त्यांची पाठ बंद झाली होती.

१६ तारखेच्या रात्री त्यांना मागे घेता आलं असतं. डिव्हिजनचे जनरल ॲलन जोन्स आणि त्यांचे वरिष्ठ, कोअर (अनेक डिव्हिजनांच्या तुकडीचे) कमांडर जनरल मिडलटन यांचं फोनवर बोलणं झालं. मिडलटन यांना वाटलं, आपण माघारीचं सुचवलंय. जोन्स यांची समजूत झाली, रेजिमेंटा आहेत तिथेच ठेवायच्या आहेत. शिवाय सातव्या आर्मर्ड डिव्हिजनचे रणगाडे सकाळी सातपर्यंत पोचतील असं त्यांना सांगितलेलं. ते हॉलंडच्या बाजूने येत होते, आणि उलट पळणाऱ्या गाड्यांनी तुंबलेल्या रस्त्यांवरून सेंट वीथला पोचेपर्यंत दुपार कलली.

‘एका फोनवर एवढं खापर फोडणं बालिश आहे,’ असं तुम्ही लिहिता. साहेब, माझी नोकरी सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहनात झाली. तारा ओढण्यात आणि सेट कानाला लावून बसण्यात उमेदीची वर्षं गेली. दोन्ही टोकांना ‘समजलं’ म्हणतात आणि दोघांनाही वेगवेगळं समजलेलं असतं, हे मी बर्फात बसून ऐकलंय, एरवी अतिशय हुशार अधिकाऱ्यांच्या तोंडून. त्यात लाइनवर शत्रू ऐकत असेल या भीतीने माणूस सरळ बोलत नाही, आडून बोलतो. तुम्ही कधी असा सेट हातात धरलाय का? नसेल, तर बालिश कोण हे जरा थांबून ठरवा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी तुम्ही ते गाळलंत. १८ तारखेला वेढ्यातल्या त्या दोन रेजिमेंटांना शोनबर्गच्या दिशेने हल्ला करत बाहेर पडायचा हुकूम आला. विमानातून दारूगोळा टाकू म्हणाले, तो पडला नाही. १९ ला सकाळी जर्मन तोफांचा मारा सुरू झाला, आणि दुपारी कर्नल देशेनो आणि कर्नल कॅव्हेंडर या दोन रेजिमेंट कमांडरांनी शरण जायचं ठरवलं. ठरवलं त्यांनी, शिपायांना विचारून नाही. किमान ७,००० माणसं कैद झाली. तरीही सुमारे ४०० जणांची एक टोळी बाहेर पडायची वाट शोधत २१ तारखेपर्यंत रानात होती. आणि वेढ्याबाहेर राहिलेली तिसरी रेजिमेंट, ४२४, पुढे लढत राहिली. डिव्हिजनचे इंजिनियर सेंट वीथसमोरच्या प्र्युमरबेर्गवर खंदक खणून बसले. जर्मनांना सेंट वीथ १७ तारखेलाच हवं होतं, ते मिळालं २१ च्या रात्री. भेकडांची डिव्हिजन, नाही का?

आणि मास्टर सार्जंट रॉडी एडमंड्स. ४२२ रेजिमेंट, म्हणजे तुमच्या हात वर करणाऱ्यांतलाच. जानेवारी १९४५ मध्ये त्सीगेनहाइनच्या कैद्यांच्या छावणीत जर्मन अधिकाऱ्याने फक्त ज्यू शिपायांना पुढे यायला सांगितलं. एडमंड्सने सगळ्यांनाच उभं केलं. ‘आम्ही सगळेच ज्यू आहोत इथे.’ कपाळाला पिस्तूल लावलं तरी मागे हटला नाही. रायफल तर कधीच गेली होती हातातून.

तुमचे बाकीचे मुद्दे. जोन्स यांना मी सांभाळून घेतलं म्हणता. त्यांचा स्वतःचा मुलगा ४२३ मध्ये, त्याच वेढ्यात होता आणि कैद झाला. माणूस त्याच आठवड्यात हृदयविकाराने कोसळला. याहून जास्त काय फटके मारायचे त्यांना? १९४५ मध्ये याच डिव्हिजनकडे ऱ्हाइनकाठच्या जर्मन कैद्यांच्या छावण्या होत्या आणि तिथल्या हालअपेष्टांवर मी अवाक्षर काढलं नाही, असं तुम्ही म्हणता. तो विषय वेगळा आहे, माझा लेख डिसेंबर १९४४ पुरता होता. ‘इटलीत मराठे मरत होते त्यावर लिहा’ म्हणालात. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा शिपायांवर मी तुमच्या सूचनेआधीच लिहिलंय. मागची पानं उलटली असतीत तर दिसलं असतं, पण तेवढे कष्ट कशाला घ्यायचे?

नकाशा मी रविवारपर्यंत लेखात टाकतो. तुमची प्रतिक्रिया आहे तशीच राहील, ‘लायकी’सकट. पुढची खऱ्या नावाने दिलीत तर बरं, निदान कोणाशी वाद घालतोय ते तरी कळेल मला.